आमचा बरड डोंगर उकरण्याआधी: वनाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
आमच्या डोंगरावरील वनक्षेत्राचा कारभार पाहणारे अधिकारी
आणि वृक्षलागवडीच्या आराखड्यांवर सह्या करणारे सर्वजण

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या गावामागच्या डोंगरावर फक्कीच्या रेघा पडल्या. पायथ्यापासून थेट खिंडीपर्यंत, एकीखाली एक. डोंगराचा पूर्वेकडचा अर्धा उतार चार वर्षांपूर्वी जेसीबीने पाणी अडवायचे आडवे चर घेऊन उकरून झाला आहे. आता पश्चिमेकडचा उरलेला अर्धा मृगाच्या आत उकरायचा आणि त्यावर रोपं लावायची, असं चौकशी केल्यावर समजलं. ग्रामसभेत हा विषय आला नाही. उतारावर एक खड्डा घेऊन कुणी माती पाहिली नाही. दोनदा लेखी अर्ज दिला, पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे.

मी कोण हे आधी सांगते. माझे आबा मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानात बसवायला जायचे आणि पावसाला परत यायचे. आई गावातच असायची आणि लागवडीचं काम निघालं की रोजंदारीवर डोंगरावर जायची. मी कृषी पदवी घेतली आणि आज माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. पूर्वेच्या उतारावर जी रोपं लावली गेली, त्यातली कितीतरी माझ्या आईने लावली. डोक्यावर पाटीत रोपं घेऊन ती चढायची, पिशवी फाडून रोप खड्ड्यात बसवायची, भोवतीची माती पायाने दाबायची. पहिल्या वर्षी रोपं हिरवी होती. दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळी पडली. तिसऱ्या वर्षी रोपांभोवती केलेल्या आळ्यांत नुसत्या काड्या उरल्या. आईला वाटत राहिलं की आपल्याच हाताला गुण नाही. शेजारणींना ती तसं बोलूनही दाखवायची. हे मला सहन झालं नाही, आणि तिथून मी त्या डोंगराची माती पिशव्यांत भरून आणायला लागले.

आपल्या कागदावर हा डोंगर बहुधा झाडोरा नसलेला, खडकाळ, रिकामा असा असेल. आम्ही त्याला बरड म्हणतो. बरड म्हणजे रिकामं नव्हे. शंभू महादेवाच्या रांगेतला हा फाटा. वरून पाहिलं तर नुसती खडी. तिच्यात बोटभर, फार तर वीतभर माती. खाली मुरूम, आणि मुरमाच्या डोक्यावर पांढरा थर, चुनखडीचा. कुठे हरभऱ्याएवढ्या गोट्या, कुठे पहारीलाही दाद न देणारं सलग कवच.

हा पांढरा थर का आहे, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं समजतं. आपल्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इकडे माणदेशात ५०० च्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. दोन्हीकडचा मूळ खडक एकच, काळा बेसाल्ट. तिकडच्या पावसाने खडकातला चुना कधीच धुऊन नेला, लोह मागे राहिलं आणि तांबडा जांभा तयार झाला. इकडे पाऊस इतका थोडका की खडक झिजताना सुटलेला चुना पाण्याबरोबर वीत-दोन वीत खाली उतरतो. तिथं पाणी सुकतं आणि चुना बसतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हजारो वर्षं असं होत होत तो थर झाला. आमच्या जुन्या लोकांनी त्याचा उपयोगही केला. चुनखडीच्या गोट्या वेचून भट्टीत भाजायच्या, घाण्यात वाळूबरोबर मळायच्या, त्यातून वाड्यांच्या आणि देवळांच्या भिंती उभ्या राहायच्या. गावाबाहेर त्या घाण्याचं दगडी चाक अजून पडलेलं आहे. लहानपणी आम्ही त्यावर बसून बोरं खायचो.

आणि या मातीवर जे उगवतं ते तिच्याशी जमवून घेतलेलं असतं. हिवर, खैर, बोर, हिंगण, नेपती, तरवड, हेंकळ. घळीच्या कडेला धावडा, उंचावर एखाददुसरी सालई. खाली कुसळी, पवन्या, मारवेल. हिवराच्या शेंगा उन्हाळ्यात मेंढरांना जगवतात. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो. तरवडाच्या सालीवर कातडं कमावायचा धंदा चालायचा. या झाडांची उंची पाहून त्यांना खुरटं म्हणू नका. कमरेएवढ्या खैराचं मूळ मुरमाच्या भेगेतून कुठवर गेलेलं असतं, ते एकदा विहीर खणताना पाहावं. लांडगा, खोकड, तितर, चंडोल यांचं घर हेच. लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे. त्याची वीण ज्या माळाच्या कपारीत होते, तिथं मात्र आपण यंत्र पाठवत आहात.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार माती उलटी करण्याची आहे. जेसीबीचा दात जमिनीत जातो तेव्हा वरची वीतभर माती, गवताची मुळं, धावड्या-खैराचे जुने ठोंब, बी, सगळं एका घासात उचलतो आणि चराच्या खालच्या अंगाला टाकतो, त्याचा वरंबा होतो. मग दुसरा घास, तो पांढऱ्या थराचा. तो पहिल्याच्या वर पडतो. म्हणजे जिवंत माती खाली गाडली जाते आणि चुनखडी वर येते. आपल्याकडची रोपं त्या वरंब्यावर किंवा चराच्या तळाशी लावली जातात, म्हणजे नेमकी जिथं चुना सगळ्यांत जास्त आहे तिथं.

मी तीन ठिकाणची माती आणली. एक न उकरलेल्या उतारावरची, दुसरी वरंब्यावरची, तिसरी चराच्या तळातली. प्रयोगशाळेत सौम्य आम्लाचे थेंब टाकून चुना पाहतात, तेच केलं. न उकरलेली माती जेमतेम फसफसली. वरंब्याची आणि तळाची माती दुधासारखी उतू आली. नंतर आईसमोर हेच लिंबाच्या रसाने करून दाखवलं. हळूहळू झालं, पण झालं. ती बराच वेळ त्या बुडबुड्यांकडे पाहत बसली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या हाताचं नव्हतं.”

चुना जास्त असला की मातीचा सामू (pH) ८ च्या वर जातो. लोह जमिनीत असतं, पण मुळांना उचलता येत नाही. जस्ताचंही तेच. स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधलं जातं, वरून कितीही खत टाका. मग नवी पालवी पिवळी येते, शिरा तेवढ्या हिरव्या. ऊस-भुईमुगावर हे दिसलं की आमच्याकडची अडाणी बाईसुद्धा सांगते, केवडा पडला. आईच्या रोपांवर केवडाच पडला होता. चार वर्षांत त्याचं नाव एकाही पाहणी अहवालात आलं नसेल तर पाहणी कशाची झाली, हे मला समजून घ्यायचं आहे.

आटपाडीकडचा शेतकरी डाळिंबाची बाग धरण्याआधी माती तपासतो, मुक्त चुनखडी किती टक्के ते विचारतो. १० टक्क्यांच्या वर असेल तर फळबाग धरू नका, असं कृषी विद्यापीठवाले सांगतात, आणि शेतकरी ऐकतो, कारण पैसा त्याच्या खिशातला असतो. डोंगरावरच्या लागवडीला लागणारा पैसाही कुणाच्या तरी खिशातलाच आहे.

दुसरी तक्रार झाडांच्या निवडीची. पूर्वेच्या उतारावर जांभूळ, आंबा, बांबू, गुलमोहर लावले, आणि जागा भरायला ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड. जांभूळ ओढ्याकाठचं झाड. वीतभर मातीच्या कोरड्या उतारावर ते कोणत्या पाण्यावर जगणार होतं? ग्लिरिसिडिया जगली, हे खरं आहे. सुबाभूळही चुनखडीत जगते, हेही मी मान्य करते. पण लागवड यशस्वी दिसावी म्हणून जगणारं काहीही लावणं म्हणजे वन वाढवणं नव्हे. जिथं ग्लिरिसिडिया दाट झाली तिथं खालचं पवन्या गवत गेलं, आणि आबांची मेंढरं त्या भागातून तोंड न लावता पुढं जातात.

यात पिशवीचाही दोष आहे, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. रोपवाटिकेत रोप पोयटा आणि शेणखताच्या मिश्रणात वाढतं. खड्ड्यात लावलं तरी पहिलं वर्षभर ते पिशवीतल्याच मातीवर जगतं. तेव्हा काढलेले फोटो छान येतात. मुळं पिशवीच्या मातीबाहेर पडून चुनखडीला भिडतात दुसऱ्या वर्षी. मोजणी पहिल्या वर्षी करून फाइल बंद केली, तर हे कधीच दिसणार नाही. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. आकडे चढत गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या उतारावर किती रोपं उभी होती, ते आईला बोटांवर मोजता आलं.

तिसरी तक्रार पाण्याची. मी जलसंधारणाच्या विरोधात आहे असं कृपा करून कुणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आजीने खडी फोडून घर जगवलं. पाणी अडवायला नको असं म्हणणारं माणूस आमच्या घरात जन्मायचं नाही. सच्छिद्र मुरमात, योग्य उतारावर हातभर खोल चर घेतला तर पाणी मुरतं, हे मी पाहिलं आहे. पण जिथं चुनखडीचं कवच सलग आहे तिथं पाणी मुरत नाही, चरात साचतं, उडून जातं आणि तळाला पांढरी खपली ठेवून जातं. तीव्र उतारावर वरंबा एका ठिकाणी फुटला की पुढचे सगळे वरंबे ओळीने फुटतात. दोन वर्षांपूर्वीच्या परतीच्या पावसात तसंच झालं. पायथ्याच्या दोन शेतांत पांढरी माती पसरली, आणि त्यातल्या एकात त्या साली ज्वारीसुद्धा धड आली नाही. खडी मातीला धरून ठेवते, पावसाचा मार स्वतःवर घेते, उन्हात खालची ओल झाकते. ते पांघरूण आपण ओढून काढलं.

चौथं, मुरमाचं. वनहद्दीला लागून असलेल्या गायरानातून रात्री मुरूम उचलला जातो. डोंगराचा पायथा कड्यासारखा उभा कापला गेला आहे, आणि दर पावसाळ्यात वरची वनजमीन थोडी थोडी खाली येते. गायरान आपल्या अखत्यारीत नाही, हे उत्तर मला तोंडी मिळालं. पण ढासळते ती आपल्या अखत्यारीतली जमीन. महसूल खात्याला एक पत्र लिहायला काय अडचण आहे?

चराईबंदीबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यात आमच्या गावाचाही दोष आहे. नवं गवत जोमाने यावं म्हणून आमच्यातलेच काहीजण उन्हाळ्यात काडी लावतात. ते चूक आहे आणि मी गावातही तसं बोलते. मेंढरं एकाच जागी महिनोन्‌महिने फिरली तर माळ उघडा पडतो, हेही खरं. पण ज्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चरली, तिथं एका फलकाने कायमची बंदी घालायची आणि त्याच डोंगरावर यंत्र फिरवायचं, हे आबांच्या गळी कसं उतरावं? त्यांच्या मेंढरांच्या खुरांनी गेली नसेल एवढी माती एका आठवड्यात जेसीबीने हलवली.

एक गोष्ट मनात सारखी येते. आपल्याच जिल्ह्यात कासचं पठार आहे. तिथंही खडकावर बोटभरच माती. त्या मातीची आपण किती काळजी घेतो! पाय कुठं टाकायचा, गाडी कुठं थांबवायची, याचे नियम आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. तिथं चर खणून आंबे लावा असं कुणी सुचवलं तर आपण त्याला दारात उभं करणार नाही. आमच्या उतारावरची मातीही तितकीच पातळ आहे, आणि तयार व्हायला तिलाही तितकाच काळ लागला आहे. तिच्यावर फुलांचे गालिचे नाहीत, तरवडाचा पिवळा बहर आहे आणि कुसळं आहेत, एवढाच फरक.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर आहे. १०.८७ चौरस किलोमीटरचा तो डोंगर एकेकाळी बोडका होता. धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसांनी चिकाटीने तो राखला, लोकांना सोबत घेतलं, आणि १९८५ मध्ये तिथं अभयारण्य झालं. वर्षानुवर्षं कुणीतरी त्या डोंगराकडे रोज पाहत राहिलं म्हणून ते झालं. तसं पाहणारी माणसं आमच्या गावातही आहेत, त्यांना विचारलं तर.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत.

फक्की मारलेल्या पश्चिम उतारावर यंत्राचं काम सुरू करू नये. आधी उतारावर वर, मध्ये आणि खाली हाताने खड्डे घ्यावेत, मातीचे थर मोजावेत, चुना तपासावा आणि नकाशा करून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. हे काम चार दिवसांचं आहे. माती तपासणीचं काम मी विनामोबदला करून देईन, हे इथं लेखी देते. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस व्यवस्थापन संस्था नेमक्या अशाच उथळ, मुरमाड जमिनींवर काम करते आहे. त्यांना बोलवावं. आपल्याला फार लांब जायचं नाही.

जिथं चुनखडीचं कवच वर आहे तिथं चर घेऊच नयेत. घळींत अनघड दगडांचे बांध घालावेत, दगड तिथंच पडलेले आहेत, आणि ते काम माणसांच्या हातांना मिळावं. जिथं खणायचंच असेल तिथं वरची माती वेगळी काढून शेवटी पुन्हा वर पसरावी. चर खणणाऱ्याला कंत्राटातच ही अट घालता येते.

उतारावर जे ठोंब जिवंत आहेत ते नवीन रोपाआधी मोजावेत आणि राखावेत. धावड्याचं बी फार थोडं रुजतं, रोपवाटिकेवाल्यांना हे माहीत आहे. म्हणून त्याचा एक जुना ठोंब वाचवणं हे शंभर पिशव्यांपेक्षा मोलाचं आहे. हिवर, खैर, बोर, हिंगण, अंजन यांचं बी पावसाच्या तोंडावर थेट टोकावं. बी गोळा करायचं काम गावातल्या बचत गटांना द्यावं. कोणत्या हिवराची शेंग भरलेली असते आणि कोणत्या बोरीला दरसाल बहर येतो, ते आईसारख्या बायकांना पाठ आहे. पूर्वेच्या उघड्या वरंब्यांवर आता झाडं लावायचा हट्ट न धरता मारवेल आणि पवन्याचं बी पेरावं.

जगलेल्या रोपांची मोजणी तिसऱ्या वर्षीच्या वैशाखात, ग्रामसभेने नेमलेल्या माणसांसमोर व्हावी, आणि आकडा जसा असेल तसा जाहीर करावा. पूर्व उतारावरची पहिली मोजणी याच महिन्यात करून दाखवावी.

चराई पूर्ण बंद न करता डोंगराचे भाग पाडून आळीपाळीने राखण व्हावी. गवत कापून नेण्याची मुभा द्यावी, म्हणजे वणव्याला खाद्यही उरणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे आमच्या गावची व्यवस्थापन समिती कागदावर आहे. तिची बैठक डोंगरावर घ्यावी आणि लोक जैवविविधता नोंदवहीत या उताराची झाडं, गवतं, पाखरं मेंढपाळांच्या तोंडून लिहून घ्यावीत. आबांना गवतांची जितकी नावं येतात तितकी मला पदवी घेऊनही येत नाहीत.

वनहद्दीलगतच्या मुरूम उत्खननाविरुद्ध आपण महसूल खात्याला लेखी कळवावं आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी.

महोदय, आपल्यापैकी कुणाविषयीही माझ्या मनात वैर नाही. उन्हातान्हात डोंगर चढणारे वनरक्षक मी पाहिले आहेत, वणवा लागला तेव्हा आमच्याबरोबर झाडाच्या डहाळ्यांनी आग बडवणारेही पाहिले आहेत. उद्दिष्ट वरून येतं, खर्चाची मुदत ठरलेली असते, हेही मला कळतं. पण पांढरा थर एकदा वर आला की तो पुन्हा खाली जात नाही. पूर्वेचा उतार आपण परत पहिल्यासारखा करू शकत नाही. पश्चिमेचा अजून तसाच आहे, आणि तो वाचवायला फक्त थांबायचं आहे.

ग्रामसभा पुढच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मारुतीच्या देवळापुढं आहे. आपण यावं, किंवा आपल्यातर्फे निर्णय घेऊ शकेल असं कुणी पाठवावं. तिन्ही ठिकाणच्या मातीच्या बरण्या आणि लिंबं घेऊन मी तिथं असेन. आईपण येणार आहे.

आपली नम्र,
माणदेशातील एका मेंढपाळाची आणि रोपं लावणाऱ्या मजुराची मुलगी,
जिल्हा सातारा